मॅनडॉक: मॅन पेजचं एचटीएमएल, सोर्स उघडून पाहिलं तरी नीट

मॅन पेज (युनिक्स कमांडचं मदतीचं पान) वेबवर टाकायचं म्हटलं की हात आधी ग्रॉफकडे जातो, कारण ते बहुतेक लिनक्सवर असतंच. ब्राउझरमध्ये पानही बरं दिसतं. सोर्स उघडा मात्र: प्रत्येक परिच्छेदावर ‘मार्जिन-लेफ्ट: ११%’ अशी इनलाइन स्टाइल आणि पर्यायांच्या यादीसाठी चक्क टेबल. ग्रॉफ मुळात टाइपसेटर आहे. मजकूर पानावर कुठे बसवायचा ते त्याला कळतं, तो मजकूर काय आहे ते नाही. जुन्या आवृत्त्यांत तर पर्यायाआधीच्या डॅशचं गणिती वजाचिन्ह होतं. पानावरून कमांड कॉपी केली की ती चालत नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमतला मॅनडॉक आधी सिंटॅक्स ट्री (मजकुराच्या रचनेचं झाड) उभारतो आणि त्यातून एचटीएमएल काढतो. त्यामुळे एमडॉक या अर्थ सांगणाऱ्या मॅक्रोसंचातल्या ‘एसएच’चं (विभागाचं नाव) आयडी असलेलं शीर्षक होतं, ‘एफएल’चा (पर्याय) ‘कोड’ टॅग, ‘एआर’चा (आर्ग्युमेंट) ‘व्हार’. मॅक्रोचं नावच क्लास म्हणून येतं, त्यामुळे सीएसएस लिहिणं सोपं. टॅग-यादीची खरी ‘डीएल’ यादी होते. गणिताच्या समीकरणांचं मॅथएमएल मिळतं, चित्र नाही.

कमांड अशी (टी, ओ, एन, एस कॅपिटल):

मॅनडॉक -टी एचटीएमएल -ओ 'स्टाइल=मॅनडॉक.सीएसएस,मॅन=%एन.%एस.एचटीएमएल,टीओसी' फू.१ > फू.१.एचटीएमएल

‘मॅन=’ हा लिंकांचा साचा; त्यात %एन म्हणजे पानाचं नाव, %एस म्हणजे विभाग क्रमांक. तो दिला नाही तर ‘एक्सआर’च्या (दुसऱ्या पानाचा संदर्भ) लिंका बनत नाहीत. इथे अर्धविरामाने दोन साचे देता येतात: पहिल्या साच्याची फाइल चालू डिरेक्टरीत असेल तर तो, नसेल तर दुसरा. अर्धविराम शेलने खाऊ नये म्हणून अवतरणचिन्हं हवीतच. ‘टीओसी’ देऊनही अनुक्रमणिका दिसली नाही तर बिघाड शोधत बसू नका. पानात प्रमाण विभागांखेरीज किमान दोन वेगळे विभाग असतील तरच ती छापली जाते. साइटच्या टेम्प्लेटमध्ये बसवायचं असेल तर ‘फ्रॅगमेंट’ जोडा, म्हणजे डॉकटाइप, हेड, बॉडी गळतात.

खरी मर्यादा इनपुटची आहे. जुन्या मॅन मॅक्रोंत ‘बी’ म्हणजे ठळक, ‘आय’ म्हणजे तिरपं, एवढंच. तिथे मॅनडॉकही ठळक आणि तिरपंच देणार, आणि ‘बीआर’ने लिहिलेल्या संदर्भांच्या लिंका होणार नाहीत. पान वारंवार वापरात असेल तर ते एमडॉकमध्ये पुन्हा लिहायचे कष्ट घ्याच. जुन्या ‘टीपी’ (यादीतली नोंद) आणि त्याखालच्या ‘बी’च्या जागी ‘बीएल -टॅग’मध्ये ‘आयटी एफएल’ येतं. हमखास होणारी चूक म्हणजे ‘एफएल’नंतर स्वतः डॅश लिहिणं. तो डॅश मॅक्रो आपणहून लावतो. तुम्हीही लावलात की एका अक्षराच्या पर्यायापुढे दोन डॅश छापले जातात. लांब पर्यायाला मात्र दोन लागतात, म्हणून तिथे एक डॅश लिहायचा.

रूपांतराआधी ‘-टी लिंट’ (चुका शोधणारी तपासणी) चालवा. न मिटवलेली यादी, चुकलेली तारीख, विभागांचा उलटसुलट क्रम हे सगळं ओळ क्रमांकासह सांगतं. ही तपासणी इतकी नेमकी आहे की एचटीएमएल नको असेल तरीही मॅनडॉक बसवून ठेवावा.

‘पिक’ या आकृत्यांच्या भाषेने काढलेल्या आकृत्या मॅनडॉकला जमत नाहीत, आणि लेखकाने स्वतः रचलेल्या गुंतागुंतीच्या रॉफ (ग्रॉफची मूळ भाषा) मॅक्रोंवरही तो अडखळतो. अशा पानांसाठी ग्रॉफच वापरा. फक्त त्याला चित्रं काढायला घोस्टस्क्रिप्ट आणि नेटपीबीएम लागतात, ती आधी बसवून घ्या.