बिटकॉइन कोअर, आठ महिने वापरल्यावर: 'सोळा वर्षं बारा आठवडे मागे'

आधीच सांगतो, मी काही क्रिप्टोवाला नाही. लोकांच्या टॅलीत एन्ट्र्या मारून पोट भरतो, पुण्यात, वीस वर्षं झाली. ब्लॉक म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक वहीचं एकेक पान, नोड म्हणजे ती अख्खी वही स्वतः तपासणारा कॉम्प्युटर, एवढंच सांगून पुढे जातो, कारण माझं दुखणं एकच आहे आणि तेच मी उगाळणार आहे. सिंक, म्हणजे ती वही २००९ पासूनची उतरवून, तपासून आजच्या तारखेला आणणं.

झालं असं की भाच्याने पाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, मला पाच हजारांचे बिटकॉइन पाठवायचं ठरवलं, म्हणे मामा सोन्याऐवजी हे घे. (टॅक्सवाल्यांसाठी गंमत: मामाने भाच्याला दिलं तर ती नातेवाइकाची भेट, भाच्याने मामाला दिलं तर कायद्याच्या यादीत भाचा नातेवाईकच नाही. पन्नास हजारांच्या आत आहे म्हणून गप्प बसलो.) तो म्हणत होता फोनवर एखादं साधं वॉलेट टाक, दोन मिनिटांचं काम. पण दुसऱ्याने मारलेली टोटल स्वतः मारून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हटलं घ्यायचं तर मूळ तेच घेऊ, बिटकॉइन कोअर हा नोड चालवायचा प्रोग्राम, व्हर्जन २८, पूर्वी ज्याला बिटकॉइन-क्यूटी म्हणायचे ते. साडेसहाशे जीबीच्या आसपास डेटा उतरवावा लागतो हे वाचलं होतं. माझ्या नेटच्या प्लॅनला महिन्याला ३३०० जीबी मिळतात त्यातले तीन हजार दरमहा वायाच जातात, आणि कपाटात भाच्याच्याच मुंजीचे व्हिडिओ ठेवलेली एक टीबीची जुनी हार्ड डिस्क पडून होती, ती मोठी, वेगळा अडॅप्टर लागतो ती. लॅपटॉप जुना, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. म्हणजे खर्च शून्य. इथे मी जाम खूश होतो.

अ‍ॅड्रेस काढला, पाठवला, अर्ध्या तासाने भाचा म्हणाला तीन कन्फर्मेशन झाली बघ (म्हणजे व्यवहार वहीत चढला, त्याच्या पानासकट तीन पानं झाली). माझ्याकडे बॅलन्स शून्य. मधोमध एक चौकट आलेली, अलीकडचे व्यवहार कदाचित दिसणार नाहीत, बॅलन्स चुकीचा असू शकतो वगैरे, आणि खालच्या पट्टीत इंग्रजीत लिहिलेलं, सोळा वर्षं बारा आठवडे मागे. ही चहा ठेवायला आली, शून्य बघितलं आणि म्हणाली, "अहो, गेले ना पैसे?" मी म्हटलं गेले नाहीत, आलेत, फक्त आपण अजून जानेवारी २००९ मध्ये आहोत. यावर ती काही बोलली नाही, पण कप जरा जोरात ठेवला.

पहिल्या दिवशी मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. आधी नुसती हेडर्स, म्हणजे पानांचे मथळे येतात, एकेक ८० बाइटचं, तेव्हा जवळपास ८ लाख ९० हजार होती, ती सगळी मिळून सत्तरेक एमबी. मग खरे ब्लॉक. २००९-१० चे ब्लॉक जवळजवळ रिकामेच, एकेक व्यवहाराचे, ते पाऊस पडल्यासारखे पडतात. चौकटीत 'लास्ट ब्लॉक टाइम' म्हणून तारीख दिसते ती मी बघत बसलो होतो. मे २०१० डोळ्यांसमोरून गेला, दोन पिझ्झ्यांना दहा हजार बिटकॉइन दिले तो महिना. जेवायच्या आत २०१२. 'एस्टिमेटेड टाइम लेफ्ट' मध्ये दोन दिवस. मी भाच्याला मेसेज टाकला, तुम्ही लोक उगाच बाऊ करता.

मग गुरुवार आला. पुण्यातल्या लोकांना गुरुवार वेगळा सांगायला नको. सकाळी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला पण डिस्कचा अडॅप्टर मेला, प्रोग्रामच्या पायाखालची डिस्कच नाहीशी झाली. दुपारी लाइट आल्यावर चालू केलं तर 'करप्टेड ब्लॉक डेटाबेस डिटेक्टेड', परत बांधू का? बांध बाबा. उतरवलेला डेटा परत उतरवावा लागत नाही, पण तपासणी पहिल्यापासून, म्हणजे पट्टीवर परत सोळा वर्षं मागे. त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर दर बुधवारी रात्री बंद करायला लागलो. त्यातही गंमत, बंद करताना एक छोटी खिडकी येते की ही जाईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका, ती माझ्याकडे वीस-वीस मिनिटं तशीच राहायची, डिस्कची कटकट कटकट चालू आणि मी दात घासून येऊन परत बघतोय.

आणि जसजशी तारीख पुढे सरकते तसतसा वेग मरत जातो. २०१५ च्या जुलैपाशी ते असं काही रांगायला लागलं की मला वाटलं नेट गेलं. (नंतर कळलं, त्या उन्हाळ्यात कोणीतरी नेटवर्कवर चिल्लर व्यवहारांचा नुसता मारा केला होता, त्याची फळं दहा वर्षांनी मी भोगत होतो.) नोव्हेंबर २०१६ मध्ये तर पूर्ण दोन दिवस. रोज सकाळी उठून बघायचं, ८ नोव्हेंबर. म्हटलं बरोबर आहे, त्या तारखेला मी पण असाच अडकलो होतो, क्लायंट थैली घेऊन दारात आणि मी त्याला कॅश बुक दाखवतोय.

'टाइम लेफ्ट' ची तर बातच सोडा. सकाळी नऊ दिवस, दुपारी तीन आठवडे, रात्री नुसतंच 'कॅल्क्युलेटिंग'. टक्केवारी व्यवहारांच्या संख्येवर काढतात, म्हणून तारीख अर्ध्यावर आली तरी टक्के मागेच. ते समजून घेतलं. पण शेवटच्या काही मिनिटांच्या वेगावरून पुढचा अंदाज सांगायचा, आणि पुढचे ब्लॉक मागच्यापेक्षा जड असणार हे माहीत असताना सांगायचा, हा काय हिशेब झाला? माझ्या हाताखालच्या पोराने असं प्रोजेक्शन बँकेला दिलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

अक्षय तृतीया आली, ३० एप्रिल. बरोब्बर एक महिना. लॅपटॉप ऑगस्ट २०१९ मध्ये. हा रिव्ह्यू मी तेव्हाच एक स्टार देऊन अर्धा लिहून ठेवला होता, शीर्षक होतं 'नवीन माणसाने नादी लागू नये'. शेवटी नवीन एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्यावी म्हणून किंमती बघितल्या, एक टीबीची किंमत बघितली, पाच हजारांच्या बिटकॉइनसाठी त्याच्याहून जास्त पैसे घालायचे म्हणजे कळस झाला, आणि भाच्याला फोन केला.

तो म्हणाला, "मामा, तू टास्क मॅनेजर उघडून बघितलंस का?"

उघडला. नेटवर्क जवळपास झोपलेलं. सीपीयू दहा-बारा टक्के, कारण जुन्या ब्लॉकमधल्या सह्या हा प्रोग्राम आता तपासत नाही, एका ठराविक ब्लॉकपर्यंतच्या धरूनच चालतो. आणि डिस्क १०० टक्के. शंभर टक्के कामात, आणि वेग किती, तर सेकंदाला दीड एमबी. महिनाभर मी नेटवाल्याच्या नावाने खडे फोडत होतो आणि दोषी माझ्या टेबलावर कटकट करत बसला होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. हिशेबाच्या भाषेत सांगतो. साडेसहाशे जीबी ही रोजकीर्द. एकदा आलेलं पान मागे लावून ठेवायचं, परत सहसा बघायचं नाही, जुनी डिस्क ते काम आरामात करते. पण तिच्या बरोबरीने एक खतावणी चालते, तिला चेनस्टेट म्हणतात, कुठली नाणी अजून खर्च झाली नाहीत याची यादी, साधारण ११ जीबी. प्रत्येक व्यवहाराला तिथे जाऊन आधीची नोंद शोधायची, ती खोडायची, नवी लिहायची. एका ब्लॉकमध्ये हजारो व्यवहार, आणि नोंदी कुठल्या कुठे विखुरलेल्या. फिरत्या तबकडीच्या डिस्कची सुई बिचारी दर नोंदीला इकडून तिकडे पळते. त्यात प्रोग्रामला टेबलावर खतावणी पसरायला जागा किती दिलेली, तर मुळात ४५० एमबी. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या टेबलावर बसून अख्ख्या बाजारपेठेचं लेजर लिहायचं, दर ओळीला उठून माळ्यावर जायचं.

आणि ही खतावणी २०२३ पासून दुप्पट फुगली. त्या वर्षी लोकांनी ब्लॉकमध्ये चित्रं आणि टोकनं कोंबायला सुरुवात केली, ऑर्डिनल्स म्हणतात ते, त्यांची बारकी बारकी शिल्लक सगळी या यादीत येऊन बसली. मी अजून २०१९ मध्येच होतो, तिथवर पोचलो असतो तर कोणाच्या तरी माकडाच्या चित्रासाठी माझी डिस्क रात्रभर रडली असती.

उपाय काय निघाला? फुकट. फु-क-ट. लॅपटॉपच्या आत २५६ जीबीची एसएसडी होतीच, तिच्यावर सत्तर जीबी मोकळे होते, महिनाभर माझ्या नाकाखाली. कॉन्फिग फाइलमध्ये 'ब्लॉक्सडिर' नावाची एक ओळ लिहायची, म्हणजे रोजकीर्द जुन्या डिस्कवर आणि खतावणी एसएसडीवर असं वेगवेगळं ठेवता येतं. (ब्लॉक्सच्या आतलं 'इंडेक्स' नावाचं फोल्डर मात्र एसएसडीकडेच राहिलं पाहिजे, ते डिस्कवर सोडून येऊ नका. आणि हलवण्याआधी प्रोग्राम पूर्ण बंद.) दुसरी ओळ 'डीबीकॅश', म्हणजे ते टेबल केवढं, ती मी ४५० ची ३००० केली. झालं. परत चालू केलं, डिस्क गप्प, ऑगस्ट २०१९ पासून पुढची पावणेसहा वर्षं, तीही सगळ्यात जड वर्षं, साडेतीन दिवसांत उरकली. रविवारी सकाळी बॅलन्स दिसला. हिला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, एवढेच?

त्यामुळे एक स्टार खोडला. चार देतोय. पाचवा देणार नाही कारण ही गोष्ट प्रोग्रामनेच सांगायला पाहिजे होती. पहिल्यांदा उघडताना तो विचारतो डेटा कुठे ठेवू, जागा किती लागेल तेही सांगतो. मग डिस्क फिरती आहे, कॅश वाढव, एवढं एक वाक्य लिहायला काय जातं? नवीन माणूस ६५० चा आकडा बघून मोठी डिस्क शोधतो, म्हणजे नेमकी स्वस्त आणि संथ डिस्क शोधतो.

प्रूनिंगबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. प्रून लावलं तर जुने ब्लॉक तपासून झाले की पुसले जातात, ५५० एमबीपर्यंत खाली आणता येतं. पण उतरवावं सगळंच लागतं, एक पैसाही डेटा वाचत नाही, वाचते ती जागा. शिवाय उद्या एखादं जुनं वॉलेट आणून त्यात शोधायचं म्हटलं तर मागची पानंच नाहीत, परत सगळं उतरवा. छोट्या एसएसडीवर प्रून लावून चालवलं असतं तर मलाही पहिल्या आठवड्यात जमलं असतं, हे मान्य. पण व्हाउचर फाडून टाकायचं माझ्या जिवावर येतं, माळ्यावर अजून २००६ ची दप्तरं आहेत.

व्हर्जन २८ पासून अजून एक वाट आहे, कोणीतरी आधीच काढलेली खतावणी, व्हर्जन २८ मध्ये ८ लाख ४० हजाराव्या ब्लॉकपर्यंतची, सरळ लोड करायची, तिचा ठसा प्रोग्राममध्ये कोरलेला असतो त्याच्याशी जुळला तर पुढचं काम लगेच सुरू आणि मागचं सावकाश पाठीमागे तपासत राहतो. ऐकायला झकास, पण त्याला बटण नाही, फाइल आपणच कुठून तरी मिळवायची आणि काळ्या खिडकीत कमांड मारायची. मला ती सापडली तेव्हा माझं सगळं उरकलं होतं.

आणि फोनवरचं वॉलेट, किंवा इलेक्ट्रमसारखं हलकं वॉलेट? ज्यांना नुसते पैसे घ्यायचे-द्यायचे आहेत त्यांनी तेच घ्या, मनापासून सांगतो. ते दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारतात म्हणून लगेच उत्तर देतात, बदल्यात तुमचे अ‍ॅड्रेस कुठले ते त्या सर्व्हरला कळतं, एवढाच व्यवहार. वॉलेट बनवताना मिळणारे बारा शब्द कागदावर लिहून ठेवले की बॅकअप झाला. कोअरमध्ये ते बारा शब्द नाहीत, वॉलेटची फाइलच कॉपी करून ठेवावी लागते, मी दोन पेनड्राइव्हवर ठेवलीय, एक बहिणीकडे.

आता डिसेंबर. लॅपटॉप रोज रात्री तासभर लावतो, दिवसाचे १४४ च्या आसपास ब्लॉक, चहा होईपर्यंत पूर्ण. दिवाळीत दहा दिवस गावी होतो, आल्यावर पट्टीवर 'दहा दिवस मागे', तासाभरात साफ. डेटा आता सातशेच्या वर गेलाय, वर्षाला ८०-९० जीबी वाढतो, म्हणजे ही डिस्क अजून दोन-तीन वर्षं जाईल, तोवर एसएसडी स्वस्त होतील अशी आशा. छोटा यूपीएस घेतलाय, बावीसशेचा, तो एक खर्च झालाच.

परवा भाच्याने परत थोडे पाठवले. मी नोड चालू ठेवूनच बसलो होतो. त्याने फोनवर 'पाठवतो' म्हणेपर्यंत खिडकीत रक्कम आली, पेंडिंग म्हणून. मी ओरडलो, आले! तो म्हणतो, मामा थांब, माझ्या फोनवर अजून चक्र फिरतंय.