टेबलाच्या पोटातला वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर: आठ महिन्यांनंतर

पुण्यात आमच्या सुतारकाकांनी बांधून दिलेल्या टेबलाच्या पोटात माझा कॉम्प्युटर आठ महिने चालतोय. सुतारकामाला पैकीच्या पैकी गुण. ७१० ग्रेडचा मरीन प्लाय, वर १० मिमीची टफन्ड काच, आत मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) आडवा मावेल असा खण. काच टफन करायला देण्याआधीच वायरींसाठी भोकं पाडून घ्या. नंतर ड्रिल लावलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. हे काकांनीच बजावलं, म्हणून वाचलो.

कूलिंगला ३६० मिमीचे दोन रेडिएटर (पंख्यांच्या वाऱ्याने पाणी थंड करणाऱ्या जाळ्या) आणि पाणी फिरवणारा डी५ पंप. एका दुकानदाराने तांब्याचा म्हणून दिलेला रेडिएटर ॲल्युमिनियमचा निघाला. तांब्याचा ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणारा ठोकळा) आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं, गाळ साचतो. बदलून मिळाला, पण त्या दुकानात मी पुन्हा जाणार नाही.

पाणी भरल्यावर बोर्डाला वीज न देता नुसता पंप २४ तास चालवला, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून. एका ठिकाणी ओल दिसली; जोडातली रबरी ओ-रिंग दुमडली होती. ही चाचणी कृपा करून टाळू नका.

आवाज जवळजवळ नाहीच, रात्री मी रेंडर (कॉम्प्युटरला तासन्तास राबवणारं चित्र-व्हिडिओ बनवायचं काम) लावला तरी शेजारी मुलगी झोपते. मात्र पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, ती शेवटी खोलीतच येते. माझे पंखे गुडघ्यांकडे वारा सोडतात आणि मे महिन्यात ते सहन होत नाही. तुम्ही वारा बाहेर सोडणारी जाळी टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला करून घ्या.