आठवीच्या लेकीचं अभ्यासाचं अ‍ॅप: नऊ महिने, चार हप्ते आणि ते एक भाषेचं बटण

10 मार्चला सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभी होते, मोबाईल वाजला, 2,400 रुपये कट. कशाचे, तर जे सबस्क्रिप्शन मी फेब्रुवारीत स्वतःच्या हाताने कॅन्सल केलं होतं त्याचे. जूनमध्ये शाळा सुरू होताना घेतलं होतं, दर तीन महिन्यांनी पैसे, हा चौथा हप्ता. नौपाड्यातल्या क्लासवाल्याने 32 हजार सांगितले तेव्हा हे स्वस्त वाटलं होतं.

व्हिडिओ, टेस्ट वगैरे ठीक आहेत, सगळीकडे असतात तसे. माझं भांडण भाषेच्या बटणाशी आहे. लेक सेमी इंग्लिशला, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. महाराष्ट्रात अशी लाखो पोरं असतील, पण या अ‍ॅपला ते माहीतच नाही. एका अकाउंटला एकच भाषा. गणित झालं की सेटिंगमध्ये जा, मराठी करा, सगळं परत लोड होणार, मग इतिहास. आणि शोधायची बोंब वेगळीच. त्रिकोणाची मध्यगा म्हणजे मीडियन, हे टाकलं की अ‍ॅप सांख्यिकीतला मध्यक दाखवतं, तोही नववीचा, कारण इंग्रजीत दोन्हीला मीडियनच म्हणतात.

एवढ्यावर मी गप्प बसले असते हो, पण पालकांचा रिपोर्ट त्या क्षणी जी भाषा चालू असेल तेवढीच मोजतो! दर रविवारी सकाळी दहाला मेसेज, 'आपल्या पाल्याने गेले 5 दिवस अभ्यास केलेला नाही'. पहिल्या दोन वेळा मी पोरीला चांगलं झापलं. सासूबाई म्हणत होत्या, अगं रोज रात्री दहापर्यंत बसलेली असते की ती, तरी मी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा भाषा बदलून बघितलं तर सगळा अभ्यास इंग्रजीच्या खात्यात पडलेला. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगा काय म्हणतो, मॅडम, दोन भाषांसाठी दोन अकाउंट घ्या. म्हणजे 4,800! पोरगी एकच आहे म्हटलं माझी.

आता पैसे कसे कापले ते ऐका, उपयोगी पडेल. अ‍ॅपमध्ये कॅन्सल दाबलं तरी यूपीआयमधलं ऑटोपे, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, चालूच होतं. 15 हजारांपर्यंतच्या अशा हप्त्याला पिन-ओटीपी काही लागत नाही, फक्त 24 तास आधी मेसेज येतो. तो आलाही होता, मी जाहिरात समजून उडवला, ती चूक माझी. पेमेंट अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून असतं, तिथे जाऊन बंद करा, तरच बंद होतं. आणि हे असं अडकवून ठेवणं 2023 पासून सरकारच्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायच्या ऑनलाइन युक्त्यांच्या, यादीत आहे, हे मी त्या कस्टमर केअरवाल्याला सांगितलं, त्याने होल्डवर टाकलं.

इथपर्यंत लिहून लेकीला वाचायला दिलं तर ती चिडली, म्हणे आई, डाउटवाल्या मॅडमबद्दल एक ओळ नाही? अ‍ॅपवर पोरांच्या शंका सोडवतात त्या. खरंय, तेही सांगते. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकायचा लंब, हिला जमत नव्हता, त्रिकोणाच्या आतच काढायला बघायची. फोटो टाकला, वीस मिनिटांत मराठीत व्हॉइस नोट: 'पाया तुटक रेषेने बाहेर वाढव, गुण्या त्यावर सरकवत शिरोबिंदूपर्यंत आण, आणि परत फोटो पाठव'. परत पाठवला, तोही त्यांनी बघितला, 'आता मध्यगा काढ, ती आतच राहते का बघ' म्हणाल्या. क्लासमध्ये चाळीस पोरांत हे कोण करतं? त्यामुळे एका स्टारवर होते ती अडीचवर आले.

व्हिडिओंसाठी मात्र पैसे घालू नका. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन करा, फुकट आहे. गणिताचं पुस्तक इंग्रजी, इतिहासाचं मराठी, जे स्कॅन कराल त्याच माध्यमाचं उघडतं, बटण नाही की काही नाही. सगळे व्हिडिओ भारी नाहीत, काही अगदीच कंटाळवाणे, पण फुकटात कुरकुर काय करायची.

अपडेट: 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली होती. ते कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण तेवढ्याने हलले. अकराव्या दिवशी पूर्ण 2,400 परत. मी खुशीत घरी सांगितलं आणि त्याच रात्री अकाउंट बंद झालं, मॅडमच्या सगळ्या व्हॉइस नोटांसकट, त्या डाउनलोड करायची सोयच नव्हती. वार्षिक परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.