'भिया, चलता इंजिन है'

भाचा आयटीआयला लागला तेव्हा हौस खरं तर माझीच होती. एक जुनं इंजिन आणायचं, दोघांनी मिळून उघडायचं, परत जोडायचं आणि किक मारून चालू करायचं. बायकोने विचारलं, "उघडायचंच आहे तर चालू कशाला हवं? भंगारातलं किलोने आणा." पण बंद इंजिन परत जोडलं आणि नाही लागलं, तर चूक आपली की त्याची हे कळणार कसं?

म्हणून इंदूरच्या लोहामंडीकडे एका भंगारवाल्याकडून स्प्लेंडरचं इंजिन घेतलं, 6,500 रुपयांना. "भिया, चलता इंजिन है. एक्सीडेंट की गाडी का. अंदर से स्टँडर्ड, कभी खुला नहीं." मोबाइलवर ते इंजिन चालतानाचा व्हिडिओही दाखवला. मग जमिनीवर ठेवूनच किकचा दांडा हाताने दाबायला लावला. दांडा कडक, मध्येच अडणारा. कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर, जबरदस्त! मी खूश. चिठ्ठीवर त्याने लिहिलं, 'पुराना सामान'. तेव्हाच थांबायला हवं होतं.

लोकमान्य नगरात घरी आणलं, गच्चीवर गोणपाट पसरलं. भाच्याने स्पार्क प्लग काढून सहज किक दाबली आणि भोकातून काळ्या दाट तेलाची पिचकारी थेट माझ्या बनियनवर. प्लग लावून पुन्हा दाबलं तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली. प्लगच्या भोकातून जाड तेल ओतलं की पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात आणि मेलेलं इंजिनही किकला जोर देतं. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे: दुकानातच प्लग काढा, भोकावर फडकं धरून आठ-दहा किक मारा, मग प्लग लावून जोर बघा. आणि तुमच्यापुढे प्लग काढायला तो नाही म्हणाला, तर उठा.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर आकडा कोरलेला: 100. म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा, ओव्हरसाइज. स्प्लेंडरचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी. सिलिंडर झिजला की तो आतून कापून मोठा करतात आणि पिस्टन 0.25, 0.50, 0.75 करत 1.00 मिमीपर्यंत वाढवत नेतात. त्यापुढे सहसा सिलिंडरचा ब्लॉक किंवा त्यातली नळी, म्हणजे स्लीव्हच बदलावी लागते. 'कभी खुला नहीं' म्हटलेलं इंजिन आयुष्यभर उघडत आलं होतं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवला तर टक-टक वाजला. मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलेलं. खालच्या बाजूला चंदेरी रंग खरवडला तर आत एम-सील, त्याखाली केसाएवढी चीर. व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला, तर त्यातल्या इंजिनाचं डावं कव्हरच वेगळं होतं.

इथपर्यंत पैशांचंच दुःख होतं. भाचा म्हणाला, "मामा, नंबर कुठे आहे?" क्रँककेसवर इंजिन नंबर असतो तो भाग ग्राइंडरने साफ केलेला, वर रंगाचे दोन हात.

शेजारचे वकीलकाका चहा बाजूला ठेवूनच बोलले, "अरे, हे चोरीच्या गाडीचं असू शकतं." चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, खोडलेला नंबर दिसल्यावरही ते ठेवून घेतलं, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही. नंबर शाबूत असता तरी नुसता बघून भागत नाही. विकणाऱ्याकडे त्या गाडीच्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत मागा, इंजिनावरचा आणि आरसीवरचा नंबर ताडून बघा, बिलावर लिहून घ्या. 'सीखने के लिए ही तो है, भिया' या वाक्याला मी भुललो.

दुकानदाराकडे गेलो. "खोल दिया, अब वापसी कैसी?" एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच व्हिडिओ दाखवायला लागला.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, फोटो लावले, चिठ्ठी जोडली, शिक्क्याची प्रत घेतली. इंजिन पोत्यात भरून जमा केलं. 6,500 गेले ते गेलेच. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर डिझेलच्या बादलीत क्लच प्लेटा तशाच भिजत होत्या. त्या न्यायच्या विसरलोच. आता त्यासाठी उद्या परत ठाण्यात.