बेळगावच्या किल्ल्यात पोरांना फिरवताना: कागद की मोबाईल?

किल्ल्यात मुलांसाठी शोधवाटेचे, म्हणजे ठिकठिकाणी थांबून काहीतरी शोधत फिरायच्या खेळाचे, दोन प्रकार आम्ही करून पाहिले. एकात ठिकठिकाणी क्यूआर कोड, दुसऱ्यात चित्रांचा एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

कोड लावणं सोपं, मजकूर कधीही बदलता येतो. पण मोबाईल आईबाबांचा, त्यामुळे पोर मागे लोंबकळत राहतं. शिवाय मान खाली! कमल बस्ती तर मान वर करून बघायची जागा. 1204 मध्ये बांधलेल्या या जैन मंदिराच्या छतावरच्या कमळाला 72 पाकळ्या आहेत. कागदावर अर्धंच कमळ छापून ‘उरलेलं वर बघून काढ’ म्हटलं की सहा वर्षांचं पोरही दहा मिनिटं हलत नाही. मोठ्यांना विचारायचं, 72च का? भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी 24 तीर्थंकर.

चित्रांमुळे मराठी-कानडीचा प्रश्नही सुटतो. घरी एक, शाळेत दुसरी, चित्र दोघांनाही कळतं.

कागद पावसात लगदा होतो, हे खरं. आपला पाऊस काय सांगायचा! तेव्हा जाड पुठ्ठा घ्या. आणि दगडावर कागद ठेवून क्रेयॉन घासायला लावू नका. कोरीव काम झिजतं. कोड ठेवायचाच तर शेवटी एक, उत्तरांपुरता.