सोलापुरात ‘कारखाना दाखवतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून ताई, भाऊजी आणि मुलं आली होती. मला रजा नव्हती, म्हणून ती चौघंच फिरायला बाहेर पडली. स्टेशनसमोर एक रिक्षावाला भेटला. “पाचशे द्या साहेब, अख्खं सोलापूर दाखवतो.” सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, चार हुतात्म्यांचे पुतळे असलेला चार पुतळा चौक, असं ठरलं. खरं तर तळ्यातलं देऊळ आणि किल्ला एकमेकांना लागूनच आहेत, चालत होतात. पण परक्या माणसाला हे कसं कळणार?

चार पुतळ्यापाशी त्यानं मुलांना सांगितलं की, या चौघांना इथल्याच किल्ल्यात फाशी दिलं. हे ऐकून मला पैशांइतकंच वाईट वाटलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली. आमच्या गावानं इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसला, त्या काळातली ही माणसं. त्यांच्याबद्दल पाहुण्यांच्या मुलांना काहीही ठोकून द्यायचं?

मग तो म्हणाला, “चादरीचा कारखाना बघा, कारखान्याच्या भावात मिळेल.” नेलं ते एका दुकानात. दर्शनी भागात एक माग मांडलेला, मागे मालाच्या थप्प्या. “एक्स्पोर्टची ऑर्डर रद्द झालीय ताई, हात लावून बघा.” साडेआठशेला एक अशा चार चादरी घेतल्या. पावती म्हणून साधी चिठ्ठी मिळाली. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. वर ‘माल परत घेतला जाणार नाही’ एवढा शिक्का मात्र ठसठशीत.

आमच्या आप्पांची उभी हयात पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेली. घरी आल्यावर त्यांनी चादर चिमटीत धरली आणि गप्प बसले. मग कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवला. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. हा धागा आक्रसला, प्लॅस्टिकसारखा वास आला आणि टोकाला काळी टणक गुठळी झाली. पॉलिएस्टर! चादर उलटून पाहिली तर मागची बाजू फिकट, म्हणजे नक्षी विणलेली नव्हती, छापलेली होती. जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते. दुकानात धागा जाळता येत नाही, पण चादर उलटून बघायला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना घेऊन गेलो. “हा माल आमचा नव्हेच,” दुकानदार सरळ म्हणाला. ताईनं पैसे यूपीआयनं दिले होते. ते दुकानाच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या नावावर गेले होते. रिक्षावाल्याचं कमिशन त्यातच असणार, याबद्दल मला शंका नाही.

सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींना जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख जपणारं, मानांकन आहे. त्या नावावर बाहेरचा पॉलिएस्टरचा माल खपवला की, पाहुणा तर नाडला जातोच, शिवाय मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येतो. आप्पांना राग आला तो याचाच.

आता संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी बाहेरगावची माणसं येतील, म्हणून हे आत्ताच लिहितोय. रिक्षावाल्यानं सुचवलेल्या दुकानात जाऊ नका. चादर पाहिजे असेल तर राहत्या लॉजवर किंवा ओळखीच्या सोलापूरकराला विचारा. जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर ‘सुती’ असं लिहून घ्या. द्यायला कां-कूं केली तर तिथून उठा. यूपीआय करताना पडद्यावर कुणाचं नाव येतंय ते वाचा, रिक्षाच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. तिथं काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क लागत नाही. चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि चारही चादरी आम्ही जपून ठेवल्या आहेत.