कर्नलमध्ये वाट बघायची कशी: फिरत राहून की झोपून?

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या मशीनसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) चालणारा ड्रायव्हर लिहीत होतो. इंटरप्ट (मशीनचा "इकडे बघ" असा इशारा) आला की हँडलरनं, म्हणजे तो इशारा हाताळणाऱ्या फंक्शननं, फ्लॅग १ करायचा आणि इकडे लूपनं तोवर फिरत राहायचं, एवढंच काम. लूपमध्ये प्रिंट-के (मेसेज छापणारं कर्नलचं फंक्शन) टाकलं की सगळं सुरळीत, काढलं की बोर्ड ठप्प. दोन दिवस वायरिंगवर संशय घेण्यात गेले. शेवटी ऑब्जडम्प (कंपायलरनं बनवलेल्या मशीन-कोडची यादी) काढला, तर फ्लॅग एकदाच वाचलेला आणि खाली स्वतःवरच उडी मारणारी एक सूचना! म्हणजे लेथवाल्याला सकाळी एकदा "जॉब झाला काय?" विचारायचं आणि मग न विचारता दिवसभर दारात उभं राहायचं.

यात कंपायलरची चूक नाही. लूपच्या आत फ्लॅग कुणी बदलताना दिसत नाही, मग तो परत कशाला वाचायचा? प्रिंट-केच्या पोटात काय चालतं ते त्याला दिसत नाही, म्हणून त्या कॉलनंतर तो मुकाट्यानं पुन्हा वाचतो.

ऑप्टिमायझेशन (कंपायलरची ही काटकसर) बंद करायचा विचार सोडा, कर्नल त्याच्याशिवाय बांधायची सोयच नाही. फ्लॅगला व्होलाटाइल ("दरवेळी मेमरीतूनच वाच" सांगणारा शब्द) लावलं तर लूप चालतो, पण फ्लॅगनंतर वाचायच्या साध्या डेटाचा क्रम त्यानं पक्का होत नाही. एआरएम जातीच्या चिपवर तर प्रोसेसरसुद्धा क्रम बदलतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही व्होलाटाइल टाळायलाच सांगितलंय.

फिरायचंच असेल तर फ्लॅग रीड-वन्सनं वाचायचा (तेवढं वाचन तो कंपायलरला गाळू देत नाही) आणि लूपच्या आत सीपीयू-रिलॅक्स. सीपीयू-रिलॅक्स कंपायलरला जुनी किंमत धरून बसू देत नाही, शिवाय एक्स-८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर पॉज सूचना देऊन कोअरला जरा दम खाऊ देतो. डेटाही वाचायचा असेल तर रीड-वन्सऐवजी क्रमही राखणारा एसएमपी-लोड-अ‍ॅक्वायर, आणि हँडलरमध्ये त्याचा जोडीदार एसएमपी-स्टोअर-रिलीज. मात्र एकच कोअर असेल आणि इंटरप्ट बंद करून फिरत बसलात, तर हँडलर चालणार कधी?

हार्डवेअरचं रजिस्टर बघायचं असेल तर रीडएल-पोल-टाइमआउट घ्या. मुदत संपली की एरर तरी हातात येते.

नुसता वेळ काढायचा असेल तर ढोबळ हिशेब असा: १० मायक्रोसेकंदांच्या आत यूडिले (हा फिरतच राहतो), २० मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप-रेंज, त्यापुढं एमस्लीप (हे दोघे झोपतात). झोपण्याचे हे प्रकार इंटरप्ट हँडलरमध्ये मात्र चालत नाहीत.

आमच्या मशीनला उत्तर द्यायला ४-५ मिलिसेकंद लागत होते. तेवढा वेळ कोअर फुकट फिरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून लूपच काढला आणि टाइमआउटसह कम्प्लीशन (झोपून वाट बघायची आणि काम झालं की जागं व्हायची कर्नलची सोय) टाकलं: "जॉब झाला की मिस्ड कॉल दे." प्रिंट-के त्याच दिवशी उडवलं.